बसून खाणारी वीज : घरातली ‘बंद’ उपकरणं खरंच बंद कशी करायची

मे महिन्याचं बिल जास्त आलं की आमच्या धुळ्यात कोणाला नवल वाटत नाही. पारा ४४-४५ वर, कुलर रात्रंदिवस चालू, मग बिल येणारच. आम्हीही तसंच म्हणत आलो. मला कोडं पडलं ते डिसेंबरच्या बिलाचं. कुलर माळ्यावर गेलेला, पंखे बंद, आंघोळीचं पाणी गॅस गिझरवर, आणि तरी १६८ युनिट! मला वाटलं मीटर पळतंय. रीतसर अर्ज केला, तपासणी झाली, मीटर अगदी बरोबर निघालं. त्याच सुमारास नेहमीचा वायरमन बोर्ड दुरुस्त करायला आला होता. तो हसून म्हणाला, “वहिनी, मीटर नाही पळत, तुमचं घर झोपत नाही. एकदा सगळे निजल्यावर मीटरचा दिवा बघा.”

त्या रात्री बघितलं, आणि पुढचे दोन महिने मी घरातल्या प्रत्येक पिनेच्या मागे लागले. बऱ्याच चुका केल्या. त्या तुम्हाला कराव्या लागू नयेत म्हणून क्रमाने लिहिते. नवीन बिऱ्हाड मांडलेल्यांना आणि बदली होऊन पहिल्यांदाच खानदेशात आलेल्यांना जास्त उपयोग होईल.

आधी हाताशी काय हवं

- मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं. जपून ठेवली नसतील तर बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर बघा. चालू बिलावरही मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो.
- एक वही आणि स्टॉपवॉच असलेला मोबाइल.
- लाल आणि हिरवी चिकटपट्टी.
- प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असलेला, आयएसआय खूण असलेला एक्स्टेंशन बोर्ड. एक पुरतो.
- पिनेत लावायचा वॉटमीटर. हा असलाच पाहिजे असं नाही. मी भाच्याचा आठवडाभर उसना आणला होता. विकत घ्यायचा तर चार घरांनी मिळून घ्या, कारण तो एकदाच लागतो.
- घरच्यांची संमती. ही नसेल तर बाकीचं सामान घेऊन काही उपयोग नाही.

पायरी १ : बिल उलटसुलट करून वाचा

युनिट म्हणजे काय हे आधी डोक्यात पक्कं करा. १००० वॉटची वस्तू १ तास चालली की १ युनिट. इस्त्री साधारण तेवढीच, म्हणून आपण इस्त्रीला घाबरतो. पण १० वॉटची एखादी डबी चोवीस तास चालू राहिली तर महिन्याला ७.२ युनिट होतात. सात तास सलग इस्त्री केल्यासारखंच ते. इस्त्री समोर दिसते, गरम लागते. डबी टीव्हीमागे गुपचूप बसून खाते.

मग दरांचा तक्ता बघा. घरगुती ग्राहकांचे टप्पे असे आहेत : ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. वरच्या टप्प्याचा दर चढा. दर बदलत राहतात, म्हणून मी इथे आकडा देत नाही. तुमच्या ताज्या बिलावरचाच धरा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘१०१ वं युनिट पडलं की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो’ असं आमच्या गल्लीत निम्मी माणसं छातीठोक सांगतात. तसं नाही. पहिली १०० युनिटं खालच्याच दराने मोजली जातात, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. याचा दुसरा अर्थ जास्त कामाचा : तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी वरून कमी होतं. म्हणजे ते तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं. त्याच्याबरोबर त्यावरचा वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचा खर्च) आणि १६ टक्के वीज शुल्कही जातं. स्थिर आकार मात्र घराला कुलूप लावलं तरी द्यावाच लागतो, त्यावर डोकं शिणवू नका.

पायरी २ : रात्री मीटरपाशी उभे राहा

सगळ्या लेखातली ही खरी कामाची पायरी आहे.

मीटरवर एक छोटा लाल दिवा उघडझाप करत असतो. त्याच्याजवळ ‘३२०० आयएमपी/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी इंग्रजीत छापलेलं असतं. म्हणजे दिवा ३२०० वेळा लागला की १ युनिट झालं. काही मीटरांवर आकडा १६०० असतो, काहींवर वेगळाच. तुमचा वहीत लिहून घ्या.

आता रात्री अकरानंतर, सगळे निजल्यावर :

१. दिवे, पंखे, टीव्ही, सगळं नेहमीसारखं बंद करा. म्हणजे तुम्ही रोज ज्याला ‘बंद’ म्हणता तसंच. आज मुद्दाम पिना काढू नका.

२. फ्रिज त्याच्या बटणावर बंद करा. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधेच सुरू होतो, मधेच थांबतो, त्याने हिशेब चुकतो. पंधरा मिनिटांनी फ्रिज काही खराब होत नाही, दार मात्र उघडू नका. आणि लगेच मोबाइलवर गजर लावा. मी लावला नव्हता. आकडेमोडीच्या नादात तशीच झोपले आणि सकाळी पातेलंभर दूध नासलं. त्या दिवशी घरात कलाकंद झाला, तरी सासूबाईंनी दोन दिवस ऐकवलं.

३. दिवा एकदा लागला की स्टॉपवॉच सुरू करा, आणि पुढे दहा वेळा लागेपर्यंतचा वेळ मोजा. त्याला दहाने भागलं की एका उघडझापेचे सेकंद मिळतात.

४. मीटर ३२०० चं असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. १६०० चं असेल तर २२५० ला भागा. दुसरा आकडा असेल तर ३६,००,००० ला आधी त्या आकड्याने आणि मग सेकंदांनी भागा. येईल ते उत्तर म्हणजे तुमचं झोपलेलं घर खात असलेले वॉट.

आमच्याकडे दहा उघडझापांना अडीच मिनिटं लागली. एकीला १५ सेकंद. ११२५ भागिले १५, म्हणजे ७५ वॉट. काही चालू नसताना! चोवीस तास, तीस दिवस धरले तर ५४ युनिट. डिसेंबरच्या १६८ मधला जवळपास तिसरा हिस्सा कोणी न वापरताच गेला होता.

दोन गोष्टींपासून सावध राहा. ज्या दिवशी लाइट गेली होती त्या दिवशी हे मोजू नका. इन्व्हर्टर असेल तर लाइट आल्यावर बॅटरी तासन्‌तास चार्ज होत राहते, आणि मीटर असं धावतं की तुम्ही घाबरून जाल. मी पहिल्या रात्री असंच मोजलं आणि आकडा तीनशेच्या वर आला. दिवसभर लाइट नीट होती त्याच रात्री मोजा.

दुसरं, सगळ्यात शेवटी एकदा मेन स्विच खाली करा. दिव्याची उघडझाप थांबायला हवी. थांबली नाही तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कोणीतरी जोडणी घेतलेली असू शकते. अपार्टमेंटमध्ये जिन्यातला दिवा असा एखाद्याच्या मीटरवर निघतो. वायरमनला बोलवा, स्वतः उघडून बघू नका. हे शेवटीच करा असं म्हणते कारण मेन पाडला की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, आणि परत चढवल्यावर वर सांगितलेला चार्जिंगचा घोळ सुरू होतो.

पायरी ३ : एकेक पकडा

एकेक पिन काढायची, पुन्हा उघडझाप मोजायची, फरक लिहायचा. वॉटमीटर असेल तर काम सोपं होतं. आमच्या घरातले आकडे अदमासे असे निघाले :

- दोन सेट टॉप बॉक्स : २० वॉट
- देवघरातला झिरो बल्ब : १५
- इन्व्हर्टर, बॅटरी पूर्ण भरलेली असताना : १४
- डासांच्या औषधाची दोन मशीन : १०
- वाय-फाय राउटर : ८
- होम थिएटर : ६
- टीव्ही, मोबाइलचे चार्जर आणि मायक्रोवेव्हचं घड्याळ मिळून : २

शेवटची ओळ बघा. पेपरात, व्हॉट्सॲपवर सगळीकडे ‘चार्जर काढून ठेवा’ एवढंच सांगतात. मीही वर्षभर सगळ्यांच्या मागे लागून चार्जर काढायला लावले होते. चांगल्या कंपनीचा आजकालचा चार्जर नुसता लावून ठेवला तर पाव वॉटसुद्धा घेत नाही. वर्षभरात दोन-सव्वादोन युनिट. काढलात तर उत्तम, पण त्यावरून घरात भांडण करण्याइतकं ते मोठं नाही. नव्या टीव्हीचंही तसंच. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने, रिमोटने बंद केलेल्या वस्तूने एक वॉटपेक्षा जास्त खाऊ नये, असा आग्रह सुरू केला. पुढे अनेक देशांनी तसे नियम केले, आणि अलीकडचे टीव्ही त्या मर्यादेच्या आतच असतात. जुना डबा टीव्ही असेल तर गोष्ट वेगळी.

खरा मासा म्हणजे सेट टॉप बॉक्स. रिमोटने बंद केला की त्याचा हिरवा दिवा लाल होतो, बस्स. आतलं सगळं चालूच असतं. हात लावून बघा, बंद असतानाही गरम लागतो. आमच्याकडे एक हॉलमध्ये, एक सासूबाईंच्या खोलीत. दिवसातून सहा तासच टीव्ही चालतो, उरलेले अठरा तास दोन्ही बॉक्स आपले गरम होत बसलेले.

देवघरातला दिवा हा नाजूक विषय. लाल झिरो बल्बला आपण झिरो म्हणतो, पण तो १२ ते १५ वॉटचा असतो. जुन्या चकतीच्या मीटरला एवढी कमी वीज नीट कळायची नाही, म्हणून हे नाव पडलं म्हणतात. नव्या मीटरला सगळं कळतं. चोवीस तास लावला तर महिन्याला १०.८ युनिट. मी तो काढायला गेले तर सासूबाई लगेच अहिराणीत म्हणाल्या, “देवना दिवा शे तो, त्याले हात लावू नको!” मी बंद केलाही नाही. अर्ध्या वॉटचा एलईडी आणून त्याच होल्डरमध्ये लावला. तीन दिवसांनी त्यांचं लक्ष गेलं. वर बघून म्हणाल्या, “हाऊ बरा शे.” विषय संपला.

डासांचं मशीन संध्याकाळी लावतात आणि सकाळी बंद करायचं विसरतात. पाच वॉटचं असतं, त्याचं काही वाटत नाही. पण विजेपेक्षा त्यातलं औषध महाग! दिवसभर रिकाम्या खोलीत ते जळत राहतं. हे बंद करायला लागल्यापासून आमची बाटली जवळपास दुप्पट दिवस पुरते.

तुमच्या घरात यादी वेगळी असेल. कॉम्प्युटर असेल तर त्याचा यूपीएस तपासा, कॉम्प्युटर बंद असला तरी तो आपलं काम करत बसतो. माझी बहीण जळगावला असते. तिच्याकडे एसीचा स्टॅबिलायझर निघाला. जुलैत पाऊस पडल्यावर एसी बंद झाला, पण स्टॅबिलायझर मार्चपर्यंत घूं घूं करत भिंतीवर चालू होता. एसीचं भिंतीवरचं बटण किंवा एमसीबी हंगाम संपला की पाडून टाका. मिक्सर, इस्त्री, साधा पंखा, यांच्यात शोधण्यासारखं काही नाही. बंद म्हणजे बंद.

पायरी ४ : बंद करणं सोपं करा, नाहीतर आठ दिवसांत सुटतं

आपल्याकडे बऱ्याच सॉकेटांना वेगळं बटण असतं. त्यामुळे वीज वाचवायला दरवेळी पिन उपटायची गरज नाही, बटण पाडलं की पुरे. पिन कधी काढायचीच ते पुढे सांगते.

अडचण अशी की ते बटण नेमकं टीव्हीच्या मागे, कपाटाच्या आड असतं. रोज रात्री गुडघ्यावर बसून कोण हात घालणार? म्हणून तो एक एक्स्टेंशन बोर्ड. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, होम थिएटर त्यावर घ्या आणि बोर्ड हात पोचेल अशा जागी भिंतीला लावा. झोपताना एकच बटण.

या बोर्डावर काय लावायचं नाही तेही ऐका. साधा ६ अँपिअरचा बोर्ड साधारण १३०० वॉटपर्यंतचाच. इस्त्री, गिझर, हीटर, पाण्याची मोटर त्यावर चालवू नका. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचणं तर अजिबात नको.

मग चिकटपट्टी. रोज रात्री बंद करायच्या बटणांवर हिरवी, कधीच हात लावायचा नाही त्यांवर लाल. लहान मुलाला आणि आजीला दोघांनाही कळतं. माझ्या घरात बोलून जे झालं नाही ते पट्टीने झालं.

सेट टॉप बॉक्स परत सुरू व्हायला दीड-दोन मिनिटं घेतो, त्यावर कुरबूर होणारच. आमच्याकडे सकाळच्या बातम्यांवरून झाली. तोडगा सोपा : जो सकाळी पहिला उठतो तो चहाचं आधण ठेवतानाच बटण लावतो. चहा होईपर्यंत टीव्ही तयार. राउटर आम्ही रात्री बारा ते सहा बंद ठेवतो. वाचतं दीड युनिटच, पण मुलं वेळेवर झोपतात. तुमच्याकडे कॅमेरे वाय-फायवर असतील तर हे करू नका.

एक गोष्ट नजरेत ठेवा. बटण पाडल्यावरही एलईडी दिवा अंधुक पेटलेला दिसतो का? कधी बटणातल्या छोट्या इंडिकेटरमुळे तसं होतं. पण कधी बटण फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीऐवजी न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या वायरीत घातलेलं असतं. मग वस्तू बंद दिसते आणि आत करंट उभाच असतो. जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. वायरमनकडून टेस्टरने तपासून घ्या. यात बचतीचा प्रश्न कमी, जिवाचा जास्त.

पायरी ५ : याला हात लावू नका

फ्रिज. रात्री बंद करून सकाळी चालू केला की बचत होते हे खरं नाही. रात्रभरात आत शिरलेली उष्णता सकाळी बाहेर काढावीच लागते, आणि आमच्या उन्हाळ्यात अन्न हमखास खराब होतं. त्यापेक्षा थंडीत त्याची चकती एक-दोन घरं कमी करा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

इन्व्हर्टर. १४ वॉट बघून माझा जीव खालीवर झाला होता. पण बॅटरी चार्जिंगविना पडून राहिली की लवकर खराब होते, आणि नव्या बॅटरीच्या किमतीत कित्येक वर्षांचे ते १४ वॉट निघतात. राहू द्या.

घरात कोणाचं ऑक्सिजन मशीन वगैरे असेल तर त्या बोर्डाला लाल पट्टी, आणि त्याच्या आसपास दुसरं काही लावायचंच नाही.

शाईचा प्रिंटर थेट बोर्डावरून पाडू नका, आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, मग बोर्ड. नाहीतर दरवेळी सुरू होताना नळ्या साफ करण्यात तो शाई उडवतो.

पायरी ६ : पिन काढायचीच असे दोन प्रसंग

पहिला, वळवाचा पाऊस. मे-जूनमध्ये संध्याकाळी आभाळ भरून येतं, वावटळ सुटते आणि कडकडाट सुरू होतो. अशा वेळी नुसतं बटण पाडून भागत नाही. बटणातली फट असते जेमतेम काही मिलिमीटरची. आकाशातली वीज तारांवर पडली तर तिला ती फट म्हणजे काहीच नाही. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, वॉशिंग मशीन यांच्या पिना काढा. छत्रीची, म्हणजे डिशची केबलही काढा. लोक ती विसरतात आणि बॉक्स तिच्यातून जळतो. मात्र हे आभाळ दाटून आलं की करा. डोक्यावर कडाडत असताना पिनांना हात लावायला जाऊ नका.

लाइट गेल्यावरही हीच सवय उपयोगी पडते. परत येताना कधी विजेचा दाब (व्होल्टेज) एकदम वाढलेला असतो. लाइट गेली की हिरव्या पट्टीची बटणं पाडा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. इस्त्री चालू होती का हेही तेव्हाच आठवा. लाइट गेली म्हणून इस्त्री तशीच कपड्यावर ठेवून बाजारात गेलेली माणसं मला माहीत आहेत.

दुसरा, कुलर. खरं तर याचं बचतीशी फारसं देणंघेणं नाही, पण खानदेशात विजेबद्दल लिहायचं आणि हे लिहायचं नाही असं चालणार नाही. कुलरमध्ये पाणी भरताना, टाटी (कुलरची गवताची जाळी) बदलताना, मोटर साफ करताना पिन काढून हातात धरा. नुसतं बटण नको. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी, त्यात अनवाणी पाय. पंपाची वायर सोललेली असेल तर तेवढं पुरतं. तीन टोकांचीच पिन वापरा आणि घराचं अर्थिंग उन्हाळा लागायच्या आधी तपासून घ्या. पिन ओढताना पिनेला धरा, वायरीला नाही.

पायरी ७ : गावाला जाताना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जाते, आठ-दहा दिवस घर बंद असतं. पूर्वी निघायच्या गडबडीत फ्रिजमध्ये एक लिंबू आणि वाटीभर चटणी ठेवून तो दहा दिवस चालू ठेवायचे. आता तो रिकामा करते, पुसते, दारात फडकं अडकवून दार किंचित उघडं ठेवते आणि पिन काढते. दार बंद ठेवलं तर आत बुरशी येते आणि वास महिनाभर जात नाही. इन्व्हर्टरचं बॅटरीचं पाणी बघून तो चालूच ठेवते. बाकी सगळ्या पिना बाहेर.

फ्रिजमध्ये काही ठेवावंच लागणार असेल तर मेन पाडू नका. शेजारच्या काकूंनी एकदा सगळं आवरून, समाधानाने मेन पाडला आणि वर्षभराचं आंब्याच्या रसाचं बेगमीचं फ्रीजर तसंच राहिलं. कुलूप उघडलं तेव्हा गल्लीला कळलं.

पायरी ८ : ‘वीज वाचवणारी डबी’ घेऊ नका

यात्रेत, आठवडे बाजारात, मोबाइलवरच्या जाहिरातीत एक पांढरी डबी विकतात. पिनेत लावा, हिरवा दिवा लागतो, बिल ३० टक्के कमी. मीही एकदा घेतली आहे, आता सांगायला हरकत नाही. आत एक कपॅसिटर असतो आणि तो दिवा. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी किती प्रत्यक्ष कामी येतो ते प्रमाण) थोडा सुधारू शकतो हे खरं, पण घरगुती बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांचं असतं, पॉवर फॅक्टरचं नाही. त्यामुळे बिलात फरक पडत नाही. विकणारा एका यंत्रावर अँपिअरचा आकडा कमी झालेला दाखवतो, त्याला भुलू नका. तो आकडा म्हणजे युनिट नव्हे. वॉटमीटरवर लावून बघितली तर आमची डबी स्वतःच थोडी वीज खात होती.

पायरी ९ : बिलाची तुलना नीट करा

इथे बरेच जण हिरमुसतात. मार्चमध्ये उत्साहाने सगळं सुरू करतात आणि एप्रिलचं बिल वाढून येतं. येणारच, कुलर लागला ना! महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करायची नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा, रीडिंग पाच दिवस उशिरा झालं तर युनिटं वाढलेली दिसतात. मी दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवते, भांडण नको आणि संशय नको.

आमचा हिशेब असा होता. सेट टॉप बॉक्सचे १०.८, देवघराच्या दिव्याचे १०.४, डासांच्या मशीनचे ४.८, होम थिएटरचे ४ आणि राउटरचे दीड, मिळून साधारण ३१ युनिट महिन्याला. हिशेबाला सोपे म्हणून युनिटचे दहा रुपये धरा, तीनशे रुपये. फार मोठी रक्कम नाही हे मलाही कळतं. उन्हाळ्यात कुलरचा एक आठवडा ते खाऊन टाकतो. पण खर्च म्हणाल तर एक बोर्ड, एक एलईडी आणि चिकटपट्टी.

पुढच्या डिसेंबरात १३७ च्या आसपास युनिट यायला हवी होती. आली १४१. चार युनिटं कुठे गेली म्हणून मी पुन्हा रात्री मीटरपाशी उभी राहिले, पुन्हा सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. थोरल्याने होम थिएटरची वायर लांबवून फ्रिजच्या बोर्डात नेली होती, लाल पट्टीखाली, जिथे घरात कोणीच हात लावत नाही.